आमेरच्या चढावरचा वीतभर पाइप

मावठा तलाव मागे टाकून आमेर गावात शिरलं की रस्ता अरुंद होतो. मे महिन्यातली सकाळ, साडेदहाचं ऊन आणि गाडीत आम्ही पाच जण. एसी चालू होता. पुढे पर्यटकांच्या जीप, मागेही जीप, आणि मध्ये आमची गाडी पहिल्या गिअरवर किल्ल्याच्या चांदपोल दरवाजाच्या दिशेने रांगत होती. आधी पाक उकळावा तसा गोडसर वास आला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. गाडी बंद करून खाली उतरलो, तर इंजिनाखालून हिरवट पाणी उतारावरून ओघळत चाललेलं.

बॉनेट उघडून मी झाकणाकडे हात नेला, तोच मागच्या जीपचा चालक धावत आला. "भाईसाब, ढक्कन को हाथ मत लगाना!" त्याने चाकामागे दगड लावला, गाडी कडेला घ्यायला मदत केली आणि आम्हाला सावलीत बसवलं. तासाभराने तो परत आला. रेडिएटरच्या वरच्या पाइपाला आधी मधोमध चिमटीत धरून त्याने दाबून पाहिलं, मग क्लिपेच्या अगदी जवळ. मलाही तसंच करायला लावलं. मधला भाग घट्ट होता, टोक मात्र पिकलेल्या केळ्यासारखं मऊ. तिथेच इंचभर उभी चीर होती. "ये आज नहीं फटा," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. रेडिएटरचा पाइप फुटतो एका क्षणी, पण तो कुजत असतो कित्येक महिने. त्या काळात तो खुणा करत राहतो. त्या खुणा ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. गार इंजिन, दोन बोटं आणि दोन मिनिटं पुरतात. काही शे रुपयांच्या या रबरी तुकड्याकडे दुर्लक्ष झालं, तर इंजिनाचं हेड वाकण्यापर्यंत मजल जाते आणि खर्च हजारांत पोचतो. म्हणून ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

उष्णता वाहून नेणारं पाणी

गाडी मार्गी लागल्यावर दुपारी आम्ही किल्ला पाहिला. पुरंदरच्या तहामुळे, म्हणजे १६६५ सालापासून, मराठी माणसाला मिर्झाराजे जयसिंग परिचयाचे आहेत. आमेर ही त्यांची राजधानी. त्यांच्या काळातल्या चौकात एका बाजूला शीशमहाल आहे आणि त्याच्या समोर सुखनिवास. सुखनिवासात भिंतीवरून आणि फरशीतल्या उथळ पाटातून पाणी खेळवलेलं असे. त्यावरून येणारी हवा गार होई. पाणी उष्णता उचलतं आणि स्वतःबरोबर घेऊन जातं, हे तत्त्व तिथल्या कारागिरांनी नीट ओळखलं होतं.

गाडीतही तेच तत्त्व आहे. इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा गाडी चालवतो, एक धुरावाटे बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. हा तिसरा वाटा तिथून काढला नाही, तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन सीज होतं. म्हणून सिलिंडरभोवती पोकळ्या ठेवून त्यांतून कूलंट, म्हणजे गंजरोधक द्रव्यं मिसळलेलं पाणी, फिरवतात. तापलेलं कूलंट एका जाड रबरी पाइपातून रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या, खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनात येतं. पाण्याचा पंप त्याला फिरवत ठेवतो. थर्मोस्टॅट नावाची झडप इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते. बहुतेक गाड्यांत ती साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांत अशी बंद फेरी नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास मोटारीने केला. त्या गाडीत पाणी उकळून उडून जाई आणि इंजिन थंड राही. त्यामुळे त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावं लागलं. आज तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, कारण ते कोंडून ठेवलेलं असतं. आणि या कोंडण्यातच पाइपाच्या साऱ्या दुखण्यांचं मूळ आहे.

सुखनिवासातलं पाणी उघड्या पाटातून वाहत असे. त्याच्यावर कसला दाब नव्हता. गाडीतलं पाणी दाबाखाली असतं. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण साधारण एक बार दाब आत धरून ठेवतं. असा जादा दाब असला, की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याची किंमत पाइप मोजतो. त्याच्या आतल्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा रेटा असतो. शिवाय त्याचं एक टोक थरथरणाऱ्या इंजिनाला जोडलेलं असतं, तर दुसरं बॉडीला बसवलेल्या रेडिएटरला. ही थरथर सोसायची म्हणूनच तिथे लोखंडी नळी न घालता रबर घालतात.

आमेरच्या चढावरच का?

गाडी सपाट महामार्गावर धावत असती, तर तो पाइप कदाचित आणखी महिनाभर टिकला असता. चढावर त्याची परीक्षा झाली. त्यामागचा हिशोब साधा आहे. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरू. बाहेर २५ अंश असतील, तर दोन्हींमधला फरक ७० अंशांचा. बाहेर ४५ अंश असतील, तर फरक उरतो ५० अंशांचा. उष्णता टाकण्याची रेडिएटरची क्षमता या फरकावर अवलंबून असते. म्हणजे राजस्थानच्या उन्हाळ्यात ती जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. त्यात चढामुळे इंजिनावर ताण असतो, रांगत्या वेगामुळे समोरून वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. एसीची जाळी बहुधा रेडिएटरच्या पुढेच असते. त्यामुळे आत येणारी हवा आधीच तापलेली असते.

आपल्याकडे बोरघाट, खंबाटकी किंवा कसारा घाटात उन्हाळ्यातल्या कोंडीत हेच घडतं. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून निववत ठेवलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य नवं नाही. घाट गाडीत दोष निर्माण करत नाही. आधीपासून असलेला दोष तो उघडा पाडतो.

पाइप आतून का कुजतो

हे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. आतला थर रबराचा, मध्ये धाग्यांची वीण, वर पुन्हा रबर. दाब पेलण्याचं काम मुख्यतः वीण करते. हे रबर उष्णता आणि कूलंट चांगलं सोसतं, पण इंजिन ऑइलपुढे हतबल होतं. ऑइल लागलं की ते फुगतं आणि भुसभुशीत होतं.

बाहेरून तपकिरी पडलेला, तडकलेला पाइप कुणालाही ओळखता येतो. खरा धोका बाहेरून नवाकोरा दिसणाऱ्या पाइपाचा असतो. इंजिनाचा धातू, रेडिएटरचा धातू आणि मधलं कूलंट यांची मिळून एक बारीकशी बॅटरीच तयार होते. त्या सूक्ष्म विद्युत प्रवाहाने पाइपाच्या आतल्या रबराला केसासारख्या उभ्या चिरा पडतात, त्याही बहुतेक वेळा टोकांजवळ. चिरांतून कूलंट विणीपर्यंत झिरपतं, धागे कमजोर होतात आणि एखाद्या दिवशी पूर्ण दाबाखाली पाइप उभा फाटतो. तो जीपवाला टोकाशी का दाबून पाहत होता, ते मला नंतर समजलं. अनुभवाने त्याला जागा ठाऊक होती.

आमच्या गाडीत दर पंधरवड्याला कूलंटच्या टाकीतली पातळी बोटभर उतरत होती. गॅरेजमध्ये सांगितलं, तेव्हा त्यांनी नळाचं पाणी घालून पातळी पूर्ण करून दिली. मीही समाधान मानलं. इथेच चूक झाली. फेरी बंद असताना पाणी उगाच कमी होत नाही. कमी झालं तर ते कुठून तरी बाहेर गेलेलं असतं. शिवाय साध्या पाण्यातल्या क्षारांमुळे आत पापुद्रे धरतात, कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं विरळ होतात आणि तो सूक्ष्म प्रवाह वाढायला मदतच होते. राजस्थानात भूजल बऱ्याच ठिकाणी जड आहे, मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याचीही तीच कथा. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त पाण्याचीच.

हात लावून ओळखायच्या खुणा

तपासणी नेहमी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी करावी. इंजिन गार हवं. गाडी बंद असली तरी विजेवर चालणारा पंखा अचानक फिरू शकतो, त्यामुळे इंजिन तापलेलं असताना पंख्याजवळ हात घालू नये.

टोक मऊ आणि मधला भाग घट्ट, ही आतून कुजल्याची खूण. दाबताना आत कुरकुर जाणवली किंवा बोटांना खाचा लागल्या, तर पाइप त्याच आठवड्यात बदलावा. पूर्ण पाइप दगडासारखा कडक झाला असेल आणि वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर तो उष्णतेने वठला आहे. एखाद्या जागी फुगा आला असेल, तर आतली वीण तुटली आहे. अशी गाडी घाटात नेऊ नये.

पाइप चिकट आणि फुगीर लागला, तर आधी ऑइलची गळती शोधावी. ती न थांबवता नवा पाइप घातला, तर त्याचीही तीच गत होते. एका बाजूने घासून पातळ झाला असेल, तर तो कशाला तरी टेकतो आहे, म्हणजे मार्ग किंवा बैठक चुकली आहे. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत दातांच्या बारीक खुणा आढळल्या, तर ते उंदरांचं काम.

क्लिपेजवळ पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पावडरीसारखा थर दिसला, तर तिथून कूलंट थेंबाथेंबाने झिरपून वाळतं आहे. अशा जोडांतून काही वेळा फक्त इंजिन गार असतानाच पाणी येतं. तापल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते. म्हणून संध्याकाळी गॅरेजमध्ये गळती सापडत नाही आणि सकाळी पार्किंगमध्ये मात्र डाग दिसतो. गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा अंथरून ठेवला, की थेंब कुठे पडतो ते नेमकं कळतं.

गाडी गार झाल्यावर पाइप चपटा झालेला दिसला, तर दोष बहुधा पाइपाचा नसतो. निवताना आतलं पाणी आकसतं आणि झाकणातली छोटी झडप उघडून टाकीतलं पाणी परत आत यायला हवं. ती झडप चिकटली किंवा टाकीची नळी तुंबली, की आत पोकळी होऊन पाइप ओढला जातो. अशा वेळी झाकण बदलणं हा इलाज. मात्र इंजिनाचा वेग वाढवल्यावर खालचा पाइप चपटा होत असेल, तर पंपाच्या ओढीपुढे तो टिकत नाही किंवा रेडिएटर तुंबला आहे. काही गाड्यांत यासाठीच खालच्या पाइपात तारेची स्प्रिंग असते.

तापमानाचा काटा वर चाललेला असताना वरच्या आणि खालच्या पाइपाच्या तापमानात टोकाचा फरक असेल, तर पाणी फिरत नाही असं समजावं. थर्मोस्टॅट अडकलेला असतो किंवा रेडिएटर तुंबलेला. आणि सकाळी गार गाडी सुरू केल्याबरोबर मिनिटा-दोन मिनिटांत पाइप टणक होत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. हेड गॅस्केट गेल्याची ही खूण असू शकते. इथे कितीही नवे पाइप घातले, तरी ते फुटत राहतील.

सीएनजी किट असलेल्या गाड्यांत आणखी एक जागा पाहावी लागते. किटमधला दाब उतरवणारा भाग गोठू नये म्हणून त्याला कूलंटच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. बाहेरून किट बसवलं असेल, तर त्यासाठी मूळ पाइपांवर नवे जोड दिलेले असतात आणि गळती बरेचदा तिथेच सुरू होते. एवढं करूनही गळती सापडली नाही, तर गॅरेजमध्ये झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब देतात आणि दाबाचा काटा उतरतो का ते पाहतात. दाब उतरला, तर पाणी कुठून येतं ते शोधायला सोपं जातं.

वाटेत फुटला तर

तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला किंवा लाल दिवा लागला, की एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे सोसवत नाही, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसत असेल, तर सुरक्षित जागा बघून इंजिन लगेच बंद करावं. काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. पाणी सगळं निघून गेलं, तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन होरपळत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

मग थांबायचं. किमान पाऊण तास, शक्य असेल तर जास्त. झाकण उघडलं, की आतला दाब एका क्षणात जातो आणि शंभराच्या वर गेलेलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणंही तितकंच घातक आहे. धातूला तडा जाऊ शकतो.

आमची चीर टोकापाशी होती. जीपवाल्याने क्लिप सोडवली, चिरलेला दोन बोटांचा भाग धारदार चाकूने सरळ कापला आणि उरलेला पाइप पुन्हा नळीवर चढवला. पाइपाला तेवढी लांबी होती म्हणून हे जमलं. चीर मधोमध असती, तर पुसून कोरड्या केलेल्या पाइपावर स्वतःशीच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळावी लागली असती. दोन्ही उपाय जवळच्या गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतेच. आम्ही एसी बंद ठेवून, दर काही किलोमीटरवर थांबत, जयपूर गाठलं.

नवा पाइप बसवताना

जयपुरातल्या मिस्त्रींचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. त्यांनी आधी खाली पसरट ट्रे ठेवून कूलंट काढून घेतलं. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड पण विषारी आहे. सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या आणि लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं. ते गटारात सोडू नये.

जुना पाइप चिकटलेला होता. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने उचकटला नाही, ब्लेडने उभा चिरून सोलून काढला. आजच्या रेडिएटरची तोंडं बहुधा प्लास्टिकची असतात आणि उचकटताना ती तुटतात. मग नळीवरचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ केला. नवा पाइप चढावा म्हणून आतून थोडं कूलंट लावलं. ऑइल किंवा ग्रीस लावायचं नसतं, कारण तेच रबराला खातं. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो, त्याच्या पलीकडे, पण पाइपाच्या कडेपासून थोडं आत, क्लिप बसली. स्क्रूची क्लिप फार आवळली तर ती रबर कापते, सैल राहिली तर गळते. कंपनीने स्प्रिंगची क्लिप दिली असेल, तर तशीच वापरावी. गरम-गार होताना ती स्वतःहून ताण सांभाळते.

कूलंट भरताना हीटर चालू ठेवून इंजिन आरामात चालू दिलं. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत आतली हवा निघत राहिली. हवेचा फुगा आत राहिला, तर पाणी असूनही इंजिन तापतं. सगळं गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली आणि थोडी भर घातली. कूलंट कुठलं आणि पाण्यात किती, हे रंगावरून ठरवू नये. रंगाला काही प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं पाळावं.

मिस्त्रींनी खालचा पाइपही बदलला, कारण दोन्हींचं वय एकच होतं. झाकण तपासलं, ते ठीक निघालं. चार वर्षं झालेल्या गाडीचे सगळे पाइप दर सर्व्हिसिंगला दाबून पाहायला सांगितलं.

आमेरला कापलेला तो दोन बोटांचा तुकडा मी पुण्याला घेऊन आलो. घरी ब्लेडने उभा उघडून पाहिला. बाहेरून काळाभोर, तकतकीत, त्या एका चिरेखेरीज ओरखडा नाही. आत मात्र एकाशेजारी एक, केसाएवढ्या सात-आठ चिरा. त्यांतली एकच आरपार गेली होती. बाकीच्या आपल्या वेळेची वाट पाहत होत्या. सोसायटीत कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की मी त्यांच्या हातात तो तुकडा देतो आणि आतून बोट फिरवायला सांगतो. मग आम्ही दोघं खाली जाऊन त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडतो.